कुत्र्याच्या गळ्यातले घड्याळ

बंधुराज,

तुझे चालणे मोजणारे घड्याळ आज सकाळी कुत्र्याच्या गळ्यात सापडले. त्याच्या आकड्यांवर विसंबून मी काल डॉक्टरांना सांगितले, की महिनाभर रोज भरभर चालूनही तुझ्या अर्धशिशीत काडीचा फरक नाही. त्यांनी जास्त जालीम गोळी लिहून दिली. व्यायामाने गुण येईलच, अशी हमी मी दिली नव्हती. पण प्रयोग कुत्र्यावर आणि निष्कर्ष तुझ्यावर, हे कोणत्या शास्त्रात बसते? कुत्र्याची तब्येत मात्र झकास आहे, अभिनंदन.

खरे काय ते सांगायला दवाखान्यात जाते आहे. तोवर नवी गोळी घेऊ नकोस. तुझे चालायचे बूट उंबऱ्यापाशी काढून ठेवलेत. परवा अंधाऱ्या खोलीत तू उशीत तोंड खुपसून कण्हत होतास, तेव्हा कुत्रा दाराबाहेर बसून होता. मीही.

— ताई