बिनचिठ्ठीचा साप

ती. मामींना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्तास मनातल्या मनात). मामांचा गुडघा काय म्हणतो? इकडे मी मजेत आहे, म्हणजे गेल्या रविवारपर्यंत होतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, विद्यापीठाच्या संग्रहालयातले साप, सरडे, पाली आणि एक खडूस चेहऱ्याचं कासव माझ्या ताब्यात असतं. सगळे बरणीत, स्पिरिटमध्ये, कधीचे मेलेले. त्यामुळे आमचं छान जमतं. बरणी उघडायची, साप उचलायचा, निथळू द्यायचा आणि शेपटीला दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठी वाचायची. एवढ्या भांडवलावर आमच्या इमारतीत मी सर्पतज्ज्ञ झालो. (मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. बरं वाटतं हो!)

तर रविवारी पंपाच्या खोलीत खराखुरा साप निघाला आणि अख्खी इमारत माझ्या दाराशी. त्यांनी मला थेट पंपाच्या खोलीत नेलं. पुढे साप आणि मागे शेजारी, पळणार कुठे? घाबरलेला माणूस सवयीने वागतो. मी वाकलो, शेपूट उचलली आणि मामी, चक्क चिठ्ठी शोधू लागलो! ती सापडेना म्हणून वर चिडलो, "याची चिठ्ठी कोणी काढली?" असं ओरडलोसुद्धा. तेवढ्यात सापाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढचं आठवत नाही. कंबर तेव्हाच धरली असावी. वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या बाईंनी सापावर बादली पालथी घातली. (साप बिनविषारी होता म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं?)

पण नुसत्या हाताने सापाची शेपूट धरली म्हणून बोलबाला मात्र माझाच झाला. संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी खूश होऊन मला जंगलात जिवंत साप शोधायला जाणाऱ्या तुकडीत घातलंय. नाही म्हणावं तर इभ्रत जाते, हो म्हणावं तर जीव. मी फार घाबरलोय, मामी, तुमच्यापासून काय लपवायचं?

तुमचा भाचा

ता. क. तेवढा महिनाभर आजारी पडाल का? म्हणजे सेवेसाठी मला तिकडे यावं लागेल. आजार साधाच निवडा, मामांचा जीव उडायला नको.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच तुकडीच्या नव्या प्रमुख दारात. बादलीवाल्या बाईच त्या! म्हणाल्या, "सापाकडे चिठ्ठी मागणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. भीती वाटते ना? मग माझ्या मागून चाला." हसल्या की फार छान दिसतात हो. आजाराचं रद्द, मी जातोय. परतलो की तुम्ही दोघं इकडे या. मामांना बरा सदरा घाला. बाईंच्या वडिलांशी बोलायला घरचं मोठं माणूस लागेल.