व्हर्नचा मासा, माझा ओढा

प्रिय ऑर्व्हिलदादा,

तुला आणि डोरीनवहिनींना धाकट्या नेटीचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींची खोकल्याची ढास थांबली का? आम्ही दोघं धडधाकट आहोत. मी तर इतकी खुशीत आहे, की आज पाव जाळला आणि तसाच लोणी लावून खाल्ला.

दादा, घरामागच्या ओढ्यात लालगळे परत आले! लहानपणी आपण ज्यांच्यावर पाय पडू नये म्हणून दगडांवरून उड्या मारायचो, तेच आपले इथले ट्राउट मासे, गळ्याखाली लाल रेघ असलेले, तळ्यातून विणीला ओढ्यात चढणारे. कुणा दीडशहाण्यानं तळ्यात ते बाहेरचे राखाडी ट्राउट आणून सोडले (तो कोण हे कधी कळलं नाही, हे त्याचं नशीब) आणि त्या आडदांडांनी लालगळ्यांची पिल्लं फस्त केली. बाबा शेवटी शेवटी खिडकीतून रिकाम्या ओढ्याकडे बघायचे आणि पडदा ओढायचे, आठवतं ना?

मत्स्यखात्याची लोरेटा कित्येक वर्षं राखाडी माशांसाठी जाळी टाकते आहे. राखाडी गळाला लागला की मारायचा, परत सोडायचा नाही, हा तिचा नियम. मागच्या सप्टेंबरात मी आणि व्हर्न होडीतून गळ टाकायला गेलो. व्हर्न घोरत होता (त्याच्या मते डोळे मिटून विचार करत होता) आणि माझी काठी कमानीसारखी वाकली. मासा त्याच्या तंगडीएवढा! धक्क्यापर्यंत तो मासा माझा होता. तिथे गर्दी जमली आणि तो व्हर्नचा झाला. "कसा ओढला ते माझं मला ठाऊक!" म्हणून तो सगळ्यांना दंड दाखवत होता.

लोरेटानं माशाचं पोट चिरलं, तर आतून बोटाएवढं यंत्र निघालं. ती मटकन बादलीवर बसली. "व्हर्न, अरे हा आमचा हेर होता! विणीला जाईल तिथे बाकीच्यांचा पत्ता लागावा म्हणून सोडला होता. हल्ली त्याच्या यंत्राचा आवाजच येईना, सगळं तळं पालथं घातलं आम्ही."

व्हर्नचा दंड खाली आला.

"हिनं पकडला," व्हर्न म्हणाला. "मी झोपलो होतो." (झोपेची कबुली लग्नानंतर पहिल्यांदाच.)

"हो, मीच पकडला," मी म्हटलं. "आणि कुठे, तेही सांगते."

व्हर्ननं माझी बाही खेचली. "नेटी, इथे नको! सगळे ऐकतायत!" ती मासे धरायची गुपित जागा त्याच्या वडिलांची. त्यानं ती पाद्रीबाबांनासुद्धा सांगितली नव्हती. पण मला बाबांचा पडदा दिसत होता. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "जळक्या बेटामागे, कड्याच्या कुशीत!"

लोरेटा ताडकन उठली. कड्याआड यंत्राचा आवाज अडत होता! दुसऱ्या दिवशी तिथे जाळी टाकली, तर राखाड्यांच्या ओझ्यानं बोट काठापर्यंत बुडाली. मग त्याच माशांचा लगदा त्यांच्या अंड्यांवर पसरला. तो कुजला की अंडी गुदमरतात. (मदतीला गेलेल्या व्हर्नचं जेवण त्या वासानं तळ्यात गेलं.)

आणि काल ओढ्यात पाण्यापेक्षा मासे जास्त! लोरेटा म्हणते, हे इतक्या वर्षांच्या जाळ्यांचं यश. खरंच आहे ते. व्हर्न म्हणतो, "आमच्या माशाचं." लोरेटा बुटांत पाणी शिरलं तरी ओढ्यात उभी राहून रडत होती. मी तिला चिडवलं नाही. मीही तिच्याशेजारी तशीच उभी होते.

तुझी,
नेटी

ता. क. लालगळ्यांमागून अस्वलही आलं. दोन पिल्लांची आई मागच्या पायरीवर बसून जेवते. व्हर्न खिडकीतून "हट्, हट्" करतो, तर ती त्याच्याकडेच भूक लागल्यासारखी बघते. तेव्हा रविवारी पुढच्या दारानं निघून आम्ही ओमाहाला तुमच्याकडे येतोय. माशांचा हंगाम संपेपर्यंत राहू.

ता. क. आणखी एक. व्हर्ननं तो मासा पेंढा भरून घेतलाय, तोही येतोय. वहिनींना बैठकीतली एक भिंत रिकामी ठेवायला सांग. पोटाची शिवण भिंतीकडे करून टांगायचा आहे. आणि खालच्या पाटीवर कुणाचं नाव आहे ते वाचून निदान त्याच्यासमोर हसू नका.