तुमच्या तलावातून

प्रिय ठमे,

पत्र पाहून दचकू नकोस. फोन तीनदा हातात घेतला नि खाली ठेवला. तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं. घरी सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण डॉक्टरांनाच पथ्य सांगण्याइतकी ती ठणठणीत आहे.

पाच शहरांची पाणीपुरवठा मंडळं पुढच्या तीस वर्षांचा एकत्र आराखडा करणार आणि त्यातल्या दोन मंडळांचे तक्ते आपण बहीणभावंडं भरणार, याचं मला केवढं अप्रूप होतं! अंघोळीच्या गरम पाण्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटणारे आपण. ऑफिसात भेटेल त्याला सांगून मी वीट आणला होता.

आज ती फाईल सह्यांसाठी माझ्याकडे आली. दुष्काळी वर्षाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, आमचा तुटवडा तुमच्या तलावातून भागेल. दोन शहरांना जोडणारी पाइपलाइन टाकायचं ठरलंच होतं, आणि तू थोडीच नाही म्हणणार! सहज तुझा तक्ता उघडला. तिथे तुमचा तुटवडा आमच्या तलावातून भागला होता. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तू माझ्या भरवशावर, मी तुझ्या! दोन्ही तलाव एकाच वर्षी आटले तर त्या पाइपातून येणार काय? तुझ्यावर चिडावं, तर मीही तेच केलंय. एकमेकांना साधं विचारलंही नाही. ही माया म्हणायची की बेफिकिरी, मला खरंच कळत नाही.

वर तुझं नाव घालून तुझ्या साहेबांचा शेरा होता: आकडे यांनी तपासलेत, निर्धास्त सही करा. तीन सह्या झाल्याही होत्या. बोलावं तर तुझी बढती हुकेल, गप्प बसावं तर एखाद्या उन्हाळ्यात दोन शहरं तहानलेली राहतील. डोकं चालेना. शिपाई दारात खोळंबला होता. ठमे, मी सही केली.

मग भानावर येऊन खाली धावलो, तर गाडी निघून गेलेली. उद्या फाईल तुझ्या टेबलावर येईल; शेवटची सही तुझी आहे. तुझी वहिनी सकाळच्या पहिल्या बसने हे पत्र घेऊन येतेय. सही करू नकोस. चूक दोघांची आहे म्हणून सांग, आणि दादाने दिसत असूनही सही केली, हेही सांग. माझ्याच्याने झालं नाही ते तुझ्यावर ढकलतोय, याची फार लाज वाटते.

तुझाच, धाकट्या बहिणीच्या आड लपलेला
दादा