चांगली बाजू वर

बाबा, आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. काशीमीऱ्याच्या एका हॉटेलने कपाटांचं काम देऊ केलं. सागाच्या व्हिनियरचा पातळ थर लावलेला प्लाय, बहुतेक काप आडवे.
२. नमुन्याची फळी आपल्या जुन्या पात्याने कापली. कड फुटली. मॅनेजरने परत केली.
३. मी नवं पातं आणलं. कड पुन्हा फुटली, थोडी कमी.
४. फळी उलटी केली. कड साफ आली.
५. काका रुसले.

काका म्हणजे तुमच्या हाताखाली तयार झालेले तेच. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून आपला सुतारकामाचा गाळा त्यांनी आणि आईने चालवला. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेलं कापायचं मशीन, नंतर आला, तुम्ही तो पाहिला नाहीत. आता मी डिप्लोमा करून गाळ्यात बसते आणि आई रोज जेवताना म्हणते, "भाड्याने देऊन टाक, सरळ नोकरी धर." हे काम गेलं असतं तर मी तिचं ऐकणार होते. तसं तिला सांगूनही टाकलं होतं.

पहिली फळी हातात घेऊन मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ये तो चूहे ने कुतरा है." मला हसू आलं, ते मी दाखवलं नाही. एक संधी आणखी मागितली. जुनं पातं चोवीस दातांचं, लाकूड उभं चिरायला उत्तम. पण आडव्या कापात प्रत्येक दात मोठा घास घेतो आणि लाकडाच्या रेषा तोडतो. मी ऐंशी दातांचं घेतलं, एक दात डावीकडे उतरता, पुढचा उजवीकडे, म्हणजे रेषा आधी दोन्ही कडांनी कापली जाते. पातं चढवलं, काकांनी फळी सरकवली, उचलून उलटी केली आणि त्यांचा चेहरा खुलला. "काय गो, एवढं महागाचं पातं, आणि कपच्या निघाल्याच!"

तेव्हा मी पाहिलं, की त्यांनी व्हिनियरची चांगली बाजू खाली ठेवली होती.

तो नियम तुमचा. मला तो दिवस नीट आठवतो. सुट्टी आहे, मी गाळ्यात आलेय, तुम्ही माझ्या हातात हातमशीन देताय आणि मी फळी चांगली बाजू वर ठेवते. तुम्ही ओरडता, "खाली! दात खालून वर येतात. बाहेर पडताना तोडतात. मग तोडायची बाजू कुठली, चांगली की वाईट?" मी रडत नाही, फळी उलटते. त्यानंतर तुम्ही मला तुमच्या चहातला अर्धा चहा देता.

टेबल सॉवर दात वरून खाली जातात. म्हणून चांगली बाजू वर. मी काकांना एवढंच सांगितलं.

"दादांनी शिकवलंय, खाली. वर म्हणजे खाली नाय."

"बाबांनी हे मशीन बघितलं नव्हतं, काका."

"बघितलं असतं तरी खालीच म्हणाले असते. तुला माहीत नाय ते कसले हट्टी."

"माहीत आहे. मी त्यांचीच आहे."

फळी मीच उलटी केली आणि कापली. कड अशी आली, की काका तिच्यावर अंगठा फिरवत राहिले. मॅनेजरनेही अंगठाच फिरवला, मग म्हणाला, "अब लगता है मशीन से कटा है." काम आपलं झालं. आईने दुसऱ्या दिवशी जेवताना फक्त आमटी वाढली.

काका मात्र अडून बसले आहेत. सगळी कपाटं चांगली बाजू वर ठेवून कापायला हात धजत नाही म्हणतात. "दादांना विचार. ते हो म्हणाले तर कापतो." म्हणून हे लिहितेय. टपालात पडणार नाही, हे मलाही कळतं.

खरं सांगायचं तर तुम्ही हो म्हणालात, असं मी त्यांना कालच सांगून टाकलंय. "कसं विचारलंस?" असंही त्यांनी विचारलं नाही.

कापायला सोमवारी सुरुवात आहे. तुमचं वेगळं काही म्हणणं असेल तर रविवारपर्यंत कळवा.