घरात नवीन काय आलं

६ जानेवारी, मंगळवार
आमच्या घरात हे कोण करतंय? प्रश्न लिहून ठेवते, कारण उत्तर मला येत नाही. घरातली पहिली बी.ए., संस्थेत रोज अडचणीतल्या बायकांशी बोलते, त्यांच्याकडून सगळं काढून घेते. आणि आज आईने उशी समोर धरली तर नुसती बघत उभी.

बाबांच्या उशीला भोक. बोटाच्या पेराएवढं. कडा काळ्या, आतला कापूस तपकिरी.

आई म्हणाली, "परत ओढूक लागलात?" बाबांची बिडी सुटून चार वर्षं झाली. त्यांनी शर्टाचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मला ते बघवलं नाही.

८ जाने., गुरु.
आता चादर. या वेळी भोक नाही, चट्टा. बोटभर लांब, जरा वाकडा, तापलेली सळी ओढल्यासारखा.

बाबा नव्हेत. ते सकाळी साडेसहालाच मरोळच्या वर्कशॉपला गेलेले. आई पोळ्यांच्या कामांवर, दादा सांताक्रूझला विमानतळावर ड्यूटीला, मी संस्थेत. घरात फक्त वहिनी. ती म्हणाली, "मी मोरीत कपडे धूत होते गं. वास आला म्हणून बाहेर आले." बाहेर कुणी नाही. धूरही नाही. दाराची कडी आतून लावलेली.

बाबांची माफी कुणीच मागितली नाही. मीही नाही.

११ जाने., रवि.
आज काही नाही. सगळे घरी.

बाबांनी टीव्हीसाठी पडदा ओढला, त्यावरून आमचं नेहमीचं. ऊन आलं की त्यांना स्क्रीन दिसत नाही. मी म्हटलं, बावीस वर्षं समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघितले, आता पाडली ती, घरात पहिल्यांदा ऊन येतंय, आणि तुम्ही पडदा ओढता? बाबा म्हणाले, "टॉवर उभा राहिला की तुझं ऊन पण बंद. तोवर मॅच बघू दे."

ऊन आलं म्हणून तर वाडगे तिथे मांडले. तीन मोठे, गोल, काचेचे. दादाच्या लग्नात दाराशी पाणी घालून फुलं सोडली होती, तेव्हाचे. आता दिवाणाच्या डोक्याकडच्या फळीवर, खिडकीला लागून. दोनात झेंडूची फुलं, एकात मनी प्लांट. आई अजून विचारते, "ह्यात काय सोलकढी वाढूची आसा?" पण शेजारच्या बायका मुद्दाम बघायला येतात. दोन खोल्यांच्या घरात एक तरी गोष्ट नुसती सुंदर म्हणून असावी, असं मला फार वाटतं. वहिनीला सांगून ठेवलंय, मी नसले तरी सकाळी पडदा उघडायचा, पाणी काठोकाठ ठेवायचं. ती एकही दिवस विसरत नाही.

१३ जाने., मंगळ.
दादाचा युनिफॉर्मचा शर्ट. इस्त्री करून दिवाणावर ठेवलेला. खांद्यावर भोक.

आई पहिल्यांदा मोठ्याने बोलली. वहिनी ओट्याशी होती, ऐकू जाईल अशा बेताने. "लगीन होऊन महिनो नाय झालो. पायगुण बघा."

दादा हसला, "आई, काय पण!" पण शर्ट बराच वेळ हातात धरून बसला होता.

१५ जाने., गुरु.
आईने गावी काकांना फोन लावला. स्पीकरवर. लग्नाआधी गावच्या राखणदाराला द्यायचा मान राहिला, कोंबडा दिला नाही, म्हणून हा चटका, असं तिच्या डोक्यात. काका म्हणाले, गाऱ्हाणं घालतो, पण आधी सांग, "घरात नवीन काय इला?"

आईने क्षणभर विचार केला नाही. म्हणाली, "सून."

मी फोन बंद केला. खूप बोलले. हा शब्द पुन्हा या घरात नको, पायगुण, कळलं? उद्या ती जळाली तर काय म्हणशील? वहिनी आतून सगळं ऐकत होती. नंतर मला चहा दिला, साखर जरा जास्त घालून, मला आवडते तशी.

१७ जाने., शनि.
काल पुन्हा. दिवाणाचं रेक्झिन. आता सगळ्यांनाच भीती वाटते. आई कामावर जाताना दार ओढून दोनदा मागे बघते.

डोकं शांत ठेवायचं. कॉलेजच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात शिकवलेलं आठवलं. भानामती नसते. कपडे आपोआप जळत नाहीत. घरातलंच माणूस करतं, आणि ते दुष्ट नसतं, दुःखी असतं, त्याला बोलता येत नाही. त्याला पकडू नका, त्याच्याशी प्रेमाने बोला.

मांडून बघितलं. नेहमी सकाळी. नेहमी वहिनी एकटी असताना. रविवारी कधीच नाही.

चेंबूरच्या दुकानातली नोकरी तिला लग्नासाठी सोडावी लागली. दादा अर्धे दिवस ड्यूटीवर. आईचं ते बोलणं.

बिचारी.

२० जाने., मंगळ.
बोलले. संस्थेतून लवकर आले, घरात आम्ही दोघीच. ती तांदूळ निवडत होती. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

"वहिनी, घाबरू नकोस. मला सांग. मी कुणाला सांगणार नाही."
"काय सांगू?"
"तुला इथे त्रास होतोय ना? माणसाला कधी कधी बोलता येत नाही. मग ते…"
"मग ते काय?"
"मग ते असं काहीतरी करतं. तुझी चूक नाही त्यात."

तिने परात खाली ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही. "आई म्हणतात माझा पायगुण वाईट. तू म्हणतेस हात वाईट. आईंचं बरं म्हणायचं, शुभा. त्यात मी काही केलेलं तरी नसतं."

मी अजून समजावत होते. संस्थेत वापरते त्या आवाजात. मलाच तो ऐकू येत होता.

२१ जाने., बुध.
वहिनी चेंबूरला माहेरी गेली. एक बॅग. दादा सोडायला गेला, परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "आई अडाणी आहे यार, मी समजू शकतो. तू शिकलेली ना?" एवढंच.

आईला मोकळं वाटतंय. तिने लपवलंही नाही.

मला वाटत होतं मी तिची बाजू घेतली.

२४ जाने., शनि.
अंग कणकणत होतं, घरीच राहिले. बाकी सगळे कामावर. वहिनी नाही म्हणून मीच पडदा उघडला, वाडग्यांत पाणी घातलं, दिवाणावर पडले. डोळा लागला.

मनगटावर काहीतरी चावलं. मुंगी असेल म्हणून झटकलं. पुन्हा चावलं. डोळे उघडले तर मनगटावर उजेडाचा एक दाणा. तांदळाएवढा. इतका पांढरा की बघवेना. हात ओढला तसा दाणा चादरीवर पडला. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथून एक बारीक रेघ वर आली. धूर.

दाण्यापासून वाडग्यापर्यंत बघितलं, वाडग्यापासून उन्हापर्यंत. तळहात मध्ये धरला, दाणा गेला. काढला, आला. किती वेळ तेच करत होते कुणास ठाऊक. ऊन सरकलं तसा दाणा सरकला, मागे चट्टा सोडत. बोटभर. जरा वाकडा.

रविवारी पडदा ओढलेला असतो.

पडदा उघड, पाणी काठोकाठ भर. मीच सांगितलं होतं. आणि ती एकही दिवस विसरली नाही.

लग्नाच्या आठवड्यात घरात माणूस आलं तसे वाडगेही आले. काकांनी "काय" विचारलं होतं. आईने "कोण" ऐकलं. मी आईवर ओरडले, आणि मीही "कोण"च ऐकलं.

२५ जाने., रवि.
सगळ्यांना दिवाणासमोर बसवलं. पडदा उघडला, वाडग्याखाली वर्तमानपत्र धरलं. बाबा मोठ्याने मोजत होते, मध्येच थांबले. कागदाला भोक पडलं.

आई हात जोडून "देवान वाचवला" म्हणाली. बाबा म्हणाले, "आता माझे खिसे शिवून दे." कुणी हसलं नाही. दादाने शर्ट घातला आणि चेंबूरला निघाला.

वहिनीला मेसेज केला. "वाडग्यामुळे होत होतं. माझ्या. चूक पूर्ण माझी." दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

वाडगे रिकामे करून माळ्यावर टाकले, पालथे.

२८ जाने., बुध.
वहिनी आली. आईने कोंबडी-वडे केले, तिच्या ताटात आधी वाढलं. "माजा चुकला गो," एवढं म्हणाली. आईच्या तोंडून हे मी जन्मात ऐकलेलं नाही. मीही माफी मागितली, सगळ्यांसमोर. वहिनी म्हणाली, "असू दे." वडा मोडत. वर न बघता.

३१ जाने., शनि.
वहिनी आता दिवाणाच्या खोलीत एकटी थांबत नाही. सकाळी गॅस पेटवायच्या आधी विचारते, "आई, काडी ओढू?" लायटर बिघडलाय म्हणून काडेपेटी. पहिल्या दिवशी आम्ही हसलो, गंमत करते म्हणून. ती रोज विचारते. उत्तर येईपर्यंत काडी हातात धरून उभी राहते.

दादाला म्हटलं, तिच्याशी बोल. "तू नको काही बोलूस म्हणजे झालं," म्हणाला.

३ फेब्रु., मंगळ.
घर नीट चाललंय. सगळे एकमेकांशी फार चांगलं बोलतात. मला घरी यायची भीती वाटते.

५ फेब्रु., गुरु.
आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. पदवी घ्यायला गेले होते तेव्हाची पांढरी ओढणी, घडी घालून खालच्या कप्प्यात. घडी उलगडली.

भोक. गोल, काळ्या कडा. चार घड्यांतून आरपार, एका ओळीत चार भोकं.

त्या खोलीला खिडकी नाही. कपाटाचं दार बंद असतं. वाडगे माळ्यावर, रिकामे. हे सगळं मी तीनतीनदा तपासलं. ओढणीला गंधकाचा वास होता, की मला वाटला.

बाहेर वहिनी आईला विचारत होती, भात लावू का.

शिबिरात सांगितलेलं ते वाक्य, घरातलंच माणूस करतं. गेल्या महिन्यात ते खोटं होतं, या घरापुरतं तरी. आता…

तिला विचारणार नाही. एकदा विचारून झालंय. आणि आईला हे दिसलं तर ती कुणाचं नाव घेईल, तेही माहीत आहे.

६ फेब्रु., शुक्र.
सगळ्यांच्या आधी उठले. माळ्यावरून सर्वांत मोठा वाडगा काढला, धुतला, काठोकाठ भरून फळीवर ठेवला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पडदा उघडला, ऊन येऊन जाईपर्यंत शेजारी बसून राहिले.

दुपारी आई कामांवरून आली तशी ओढणी तिच्या हातात दिली. म्हटलं, फोटो काढायला वाडगा भरला होता, ओढणी खाली राहिली, विसरले.

"शिकान तुझो काय उपयोग!" आई कडाडली. "घर जाळतलंस एक दिवस!" बरंच बोलली. ऐकून घेतलं.

वहिनी ओट्याशी कणीक मळत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा सावकाश.

आई म्हणते, आत्ताच्या आत्ता तो वाडगा फोड. हो म्हटलं. पडदा ओढून घेतला. वाडगा तिथेच आहे, भरलेला. पुन्हा काही जळालं, तर नाव त्याचं.