दुसरा ग्लास

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून हा कागद दाराखालून सरकवतेय. न वाचता फाडलास तर बघ.

ऑफिसात तुझ्या खुर्चीवर मी कुणालाच बसू देत नाही. तुझ्या वाटची घरंही माझ्याकडेच आलीत. साथ संपेपर्यंत मुलांना व्हिडिओ कॉलवरच बघायचं. फोन आईबापांनी धरायचा आणि आपण विचारायचं, बाळा, बरा आहेस ना? बालकल्याण खात्यातल्या सगळ्यांना साहेबांनी ताण घालवायचा व्हिडिओ पाठवलाय. दीर्घ श्वास घ्या म्हणे. मास्क लावून! मी तरी कुठे धड आहे? परवा लेकीच्या दंडावर नुसता ओरखडा दिसला, तर मी तिची उलटतपासणीच घेतली. ती रडली, मग मीही रडले.

तूच शिकवलंस मला, कुठल्याही घरी गेलं की पाणी मागायचं आणि ते मुलालाच आणायला सांगायचं. त्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात मूल एकटं सापडतं, मोठ्यांसमोर न बोललेलं बोलतं. आपली ठकी तर आपण दिसलो की न सांगताच ग्लास भरायला धावायची.

मग घरी जाणंच बंद झालं. त्या दिवशी फोन तिच्या बापाच्या हातात होता आणि ठकी गप्प. कॉल संपता संपता ती उठली, भरलेला ग्लास घेऊन आली आणि स्क्रीनसमोर धरून उभी राहिली. तू म्हणालीस, "अगं वेडे, फोनमधून कसं पिऊ?" शेजारी बसून मीही हसले. बापाने हात मोडला म्हणून तिला दवाखान्यात नेल्यावर आपल्याला कळलं, ती आपल्याला स्वयंपाकघरात बोलावत होती. तू राजीनामा टाकलास, मी नाही टाकला. पण हसलो दोघी होतो, हे विसरू नकोस.

काल तिला भेटून आले. ज्या बाईंनी तिला सांभाळायला घेतलंय, त्यांच्या अंगणात, लांबूनच. हात अजून प्लास्टरमध्ये आहे. बोलत नाही ती, एक अक्षर नाही. मला बघून आत गेली आणि चांगल्या हाताने ग्लास आणून पायरीवर ठेवला. मी पाणी पिऊन टाकलं. ती परत आत गेली, दुसरा ग्लास आणून ठेवला आणि फाटकाकडे बघत बसली. मी सांगितलं, ताई आज नाही आली गं. तिने तो ग्लास मला उचलू दिला नाही. निघाले तेव्हा तिथेच होता, भरलेला. तुझी समजूत घालणं मला जमायचं नाही, ताई. एवढंच सांगायला लिहिलं, की उद्या मी पुन्हा जाणार आहे. आधी तुझ्या दाराशी थांबेन.

तुझीच,
बडबडी