दोरी सोडल्यानंतर

९ नोव्हेंबर, रविवार

आज प्रितेशने विचारलं. बाकीचे बाहेर जेवायला बसले होते. तो, माझा धाकटा दीर, मुद्दाम स्वयंपाकघरात आला.

"वयनी, भावाच्या मनगटावर वळ कसले व्हते? दोनी हातांना. खांद्याव पन."

गुरुवारी विपुलची बाइक ट्रेलरखाली गेल्यानंतर नवऱ्याची ओळख पटवायला हॉस्पिटलमध्ये तोच गेला होता. मला आत जाऊ दिलं नाही.

मी म्हटलं, कंटेनर यार्डात दोरखंड ओढावे लागतात.

"सुपरवायझर कवापासून दोर ओढाया लागला?"

मी ताटं पुसत राहिले.

त्या वळांचा ट्रेलरशी काही संबंध नाही. ते आदल्या संध्याकाळचे. माझे.

१० नोव्हेंबर

झोप नाही. हात गार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे कुणाला सांगता येणार नाही. म्हणून इथे.

लग्नाला दोनेक वर्षं झाल्यावर विपुलने सांगितलं – त्याला बांधून घ्यायला, फटके खायला आवडतं. दिवा बंद करून, भिंतीकडे तोंड करून सांगितलं. मी हसले नाही, एवढंच. पुढचं दोघांनी मिळून ठरवलं. काय चालेल, काय अजिबात नाही. 'लाल' म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. तो म्हणाला तेव्हा मी थांबले. दर वेळी.

बांधताना मी रागात नसते. उलटच. पतपेढीत दिवसभर मान खाली घालून "हो सर" म्हणणारी मी – तेव्हा माझा आवाज सरळ होतो. डोक्यात दुसरं काही उरत नाही. फक्त त्याचा श्वास, त्याची बोटं गार पडलीत का, गाठीखाली माझं बोट जातंय ना. तो स्वतःला सोडून द्यायचा आणि मी त्याला धरून असायचे. इतकी शांत मी दुसरीकडे कुठेच नसते.

दोरी सोडल्यानंतर त्याचं सोपं असायचं. अंगावर चादर, पाणी, गुळाचा खडा, थोडा वेळ माझ्या कुशीत – माणूस ताजातवाना. कोसळायचे ती मी. एकदम रिकामं व्हायचं. वाटायचं, मी कसली बाई, नवऱ्याला मारते. मग तोच उठायचा. आलं ठेचून चहा करायचा, माझे हात आपल्या काखेत धरायचा. "बघ. मी हाय. मजेत हाय. तू काय वाईट केलं नाईस." हे रोज ऐकायची गरज नसते. पण त्या वेळी त्याशिवाय चालत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यार्डातून फोन. मी विचारायचं नाही, त्याने आपणहून सांगायचं – झोपून उठल्यावरही बरंच वाटतंय. तो फोन आला की माझं संपायचं.

गुरुवारी फोन वाजला तो प्रितेशचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रितेशने आता अंकुरचं नाव काढलंय. अंकुर म्हणजे विपुलच्या हाताखालचा क्रेनवाला. दिवाळीआधी दोघांची पाळ्यांवरून बोलाचाली झाली होती, ती यार्डात सगळ्यांना माहीत. प्रितेशचं म्हणणं, त्यानेच माणसं घालून भावाला बांधून मारलं. "आदीच आंग मोडलेलं. बाइक कशी सावरनार?" उद्या गावातली पोरं घेऊन यार्डाच्या गेटवर जाणार. मग पोलीस स्टेशन.

अंकुर परवा इथे येऊन गेला. दारातच उभा राहून रडला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

यार्डाचं नाव मीच काढलं. एका वाक्यात सुटायला गेले.

आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या बुधवारी चहा झाल्यावर विपुल नेहमीपेक्षा गप्प होता. दमला असेल. की त्याला नको होतं आणि तो बोलला नाही? 'लाल' म्हणाला नाही, इतकंच मला माहीत आहे. फोन आला असता तर कळलं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

प्रितेश बूट घालत होता. आई – माझी सासू, बायजा – ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, अंकुरकडे जाऊ नका. वळ माझे आहेत.

"म्हंजे?"

"मी बांधायचे त्याला. त्याला आवडायचं."

"तू मारायचीस माज्या भावाला?"

"तो म्हणायचा तेव्हा. तो म्हणायचा तेवढंच. भांडणात कधी बोट लावलं नाही."

"येडा समजतेस काय? आसं कोन मागतो?"

आई मान वर न करता म्हणाल्या, "पितू, बूट काड."

"आय, ही काय बोलली आयकलंस ना?"

"बहिरी नाय मी. त्या पोराचं नाव आता घ्याचं नाय."

"मंग भाव तसाच गेला म्हनायचं?"

"ट्रेलरखाली गेला. सगल्यांनी बघला. काड बूट."

त्याने काढले नाहीत. निघून गेला, पण मोऱ्याच्या जेट्टीकडे. यार्डाकडे नाही. बाहेर जमलेल्या पोरांना काहीतरी सांगून परत पाठवलं. जाताना मला म्हणाला, "उद्या दहाव्याला खाडीवर येऊ नको. तुजं तोंड नको मला तिथं."

आई दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जेवायचं ताट मात्र वाढून समोर ठेवलं.

उलव्याला विपुलच्या आणि माझ्या फ्लॅटवर निघून जावं असं वाटलं. तिथे बेडरूममध्ये बुधवारची चादर तशीच आहे. नाही गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दहावा. सगळे गेले, मी घरी. कावळा लगेच शिवला म्हणे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी परत आलेल्या दोघीतिघींना वेगवेगळं विचारून घेतलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला वाटलं आता म्हणणार – तुझं सामान आवर.

"त्याचं ते झाल्याव... त्याला कोन बघायचा?"

"मी."

"आन तुला?"

"तोच."

त्यांनी पदराचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, "मंग आता?"

त्या उठल्या नाहीत.